तेरा मतांचा जी.एस.

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग घराची रंगरंगोटी, मग पाहुणे... कारणं सांगायची तर पुष्कळ आहेत. असो.

आजचा विषय या रंगरंगोटीतूनच निघाला. भिंतीवरचे फोटो उतरवून पुसत बसलो होतो. त्यात आमच्या दिवाणखान्यातला तो जुना, कडेने पिवळा पडलेला ग्रुप फोटो होता. नातेवाईक मंडळींना तो चांगलाच ठाऊक आहे, कारण घरी आलेल्या प्रत्येकाला मी तो कौतुकाने दाखवत आलो आहे. "विद्यार्थी मंडळ, १९७२-७३". मधल्या खुर्चीत प्राचार्य आणि शेजारच्या खुर्चीत अस्मादिक, अंगात मावसभावाचा उसना कोट. पुतण्याचा मुलगा यंदा अकरावीला आहे. तो फोटो हातात घेऊन म्हणाला, "आजोबा, तुमच्या नावापुढे जी.एस. लिहिलंय. ते काय असतं?" मी म्हटलं, "जनरल सेक्रेटरी. कॉलेजातल्या सगळ्या मुलांचा पुढारी." तो म्हणाला, "म्हणजे सरांनी निवडलेला?"

मी म्हटलं, "नाही रे, निवडणुकीत निवडून आलेला." त्याला काही ते पटलं नाही. कॉलेजात निवडणूक? आणि ती कशाला?

मग माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात पन्नाशीच्या आतल्या कुणालाच ही गोष्ट माहीत नाही. एकेकाळी या महाराष्ट्रात जून-जुलैत कॉलेजं उघडली की ऑगस्ट-सप्टेंबरात निवडणुकांचा धुरळा उडायचा. भिंती रंगायच्या, डोकी फुटायची, गुलाल उधळला जायचा. ते सगळं होतं कसं, बंद का पडलं आणि त्यात मी काय केलं, हे एकदा सविस्तर लिहावं असं ठरवलं. शेवटचा भाग लिहायला जरा जड जाणार आहे, पण लिहितो.

आधी पद्धत सांगतो. (शिक्षकाची सवय. फळ्यावर आकृती काढल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.)

आमचं कॉलेज शिवाजी विद्यापीठाचं. हे विद्यापीठ १९६२ साली कोल्हापुरात निघालं आणि आप्पासाहेब पवार त्याचे पहिले कुलगुरू. तोवर आमच्या भागातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली असायची. विद्यापीठ जवळ आलं तशी तालुक्याच्या गावोगावी कॉलेजं निघाली. आमचंही तसंच, तालुक्याच्या गावचं. कला आणि वाणिज्य, मुलं-मुली मिळून साधारण साडेसहाशे. कॉलेजाचं नाव मुद्दामच लिहीत नाही.

प्रत्येक वर्गातून एक वर्गप्रतिनिधी निवडायचा, तो सी.आर. आमचे तेरा वर्ग, म्हणून तेरा सी.आर. त्या तेरांनी आपल्यातून एकाला जी.एस. निवडायचं. मोठ्या कॉलेजांत त्याखेरीज यू.आर. म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी असायचा, आणि सगळ्या कॉलेजांचे यू.आर. मिळून विद्यापीठाच्या विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष निवडायचे. मुलींसाठी एल.आर., म्हणजे लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह. मुलीने जी.एस.ला उभं राहायचं नाही असा लेखी नियम नव्हता, पण आमच्याकडे तसं कुणाच्या मनातही यायचं नाही. गॅदरिंगला मुलींची नाटुकली बसवून घेणं, एवढंच एल.आर.चं काम असा समज.

आता ही आकृती नीट बघा. साडेसहाशे मुलांचा पुढारी ठरवायला मतं लागायची किती? सात. तेरातली सात मुलं आपल्या बाजूला आली की काम फत्ते. बाकीच्या सहाशेपस्तीस-चाळीस जणांनी वर्गात एकदा चिठ्ठी टाकली की त्यांचा संबंध संपला.

ही पद्धत आमच्या कॉलेजवाल्यांनी शोधून काढलेली नव्हती. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तिथेही लोक सदस्य निवडणार आणि सदस्य अध्यक्ष निवडणार. साखर कारखान्यात सभासद संचालक निवडणार, संचालक चेअरमन निवडणार. म्हणजे वरच्या खुर्चीसाठी सगळीकडे मूठभर मतं. मग ती मूठ आवळायची कशी, याचं शास्त्र तयार झालं. सदस्यांना सहलीला न्यायचं आणि मतदानाच्या दिवशी सकाळी गाडीतून थेट सभागृहाच्या दारात उतरवायचं. थोरांचं बघून पोरं शिकली. सी.आर.ची पळवापळवी हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. पैसेवाल्यांचे सी.आर. महाबळेश्वर नाहीतर गोव्याला जायचे. आमच्यासारख्या गरीब कॉलेजचे कुणाच्या तरी मळ्यात.

तरीसुद्धा त्या निवडणुकीचं आम्हाला इतकं अप्रूप का होतं, तेही सांगायला हवं. तेव्हा देशात मतदानाचं वय २१ होतं. माझा जन्म नोव्हेंबर १९५१ चा. मार्च १९७१ ला इंदिराबाईंची ती गाजलेली लोकसभा निवडणूक झाली, मार्च १९७२ ला विधानसभा झाली. दोन्ही वेळा मी सायकलवरून प्रचाराची पत्रकं वाटली आणि मतदानाच्या दिवशी रांगेबाहेर उभा राहिलो, कारण वय बसत नव्हतं. माझं पहिलं खरं मत पडलं ते १९७७ साली, आणीबाणीनंतर, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. त्याच्या आधी "तुझं मत कुणाला?" असं कुणी आपलं नाव घेऊन विचारलं असेल तर ते कॉलेजातच. शेतमजुराचं पोर असो की सावकाराचं, वर्गातली चिठ्ठी एकच. आमच्या घरात तर वडिलांनी जेवणात काय हवं हेही कधी विचारलं नव्हतं.

शिवाय ते दिवसही तसे होते. पाटणा विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत १९७३ साली लालूप्रसाद यादव अध्यक्ष झाले आणि सुशीलकुमार मोदी सरचिटणीस. वर्षभरात बिहारचं आंदोलन पेटलं, जयप्रकाशजी त्याच्या पुढे आले आणि ही कालची पोरं देशाच्या राजकारणात आली. दिल्लीत १९७४ ला अरुण जेटली विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले आणि पुढे आणीबाणीत एकोणीस महिने तुरुंगात राहिले. पुढे कोण कुठल्या पक्षात गेलं आणि कुणी काय दिवे लावले ते सोडून द्या. विद्यार्थ्यांचा पुढारी म्हणजे उद्याचा कुणीतरी, असं वाटण्याचा तो काळ होता. आपल्याकडे तर पत्रिकेत नुसतं "माजी जी.एस." छापलं तरी लग्नं जमायची! (आमच्या सौ. हे वाचून नाक मुरडतील, पण त्यांच्या वडिलांनी चौकशी करताना हा मुद्दा विचारात घेतला होता, हे खरं आहे.)

आता १९७२ चा ऑगस्ट.

त्या साली पाऊस पडलाच नाही. आदल्या वर्षीही कमी होता. आमच्या गावाला कालव्याचं पाणी, ऊस उभा, त्यामुळे आम्हाला झळ कमी. पण पूर्वेकडच्या माणदेशातून येणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. त्यांच्या घरची माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर जायला लागली होती. पुढे मिलो आली, सुकडी आली, ते सगळं नंतरचं. ऑगस्टात अजून सगळे आभाळाकडे बघत होते.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. बोलायला बरा, वक्तृत्वात दोन-चार ढाली मिळवलेला. कारखान्याच्या एका संचालकाचा पुतण्या आमच्या वर्गात होता. त्याला स्वतःला उभं राहायचं नव्हतं, कारण तो दोनदा नापास झालेला. पण आपल्या हातातला माणूस जी.एस. असावा असं त्याच्या काकांना वाटत असावं. तो मला म्हणाला, "तू फक्त अर्जावर सही कर. बाकीचं आम्ही बघतो."

मी सही केली. कुणी मला जबरदस्ती केली नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. मला ती खुर्ची हवी होती.

माझ्या विरोधात होता वसतिगृहातला एक मुलगा. हडकुळा, चष्मा लावणारा, अतिशय सरळ. त्याच्या मागण्याही त्याच्यासारख्याच. ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडं ठेवा, दुष्काळी भागातल्या मुलांची टर्म फी हप्त्यांनी घ्या. त्याने आणखी एक गोष्ट केली, जिचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. प्राचार्यांकडे अर्ज दिला की जी.एस.ची निवड तेरा सी.आर.नी न करता कॉलेजातल्या सगळ्या मुलामुलींनी करावी. प्राचार्य हसून म्हणाले, "विद्यापीठाचा नियम आहे बाबा, माझ्या हातात काय?" आम्हीही हसलो. साडेसहाशे जणांपुढे गेलो असतो तर तो हरलाच असता, असं तेव्हा मला वाटत होतं. आता वाटत नाही.

आठवडाभर प्रचार झाला. सायक्लोस्टाईल केलेली पत्रकं, कावेने रंगवलेल्या भिंती, फळ्यावर खडूने लिहिलेल्या घोषणा. तसा हा सगळा देखावाच. खरा हिशोब पुतण्याच्या वहीत होता. पाच आमचे, पाच त्यांचे, तीन कुंपणावर. मतदानाच्या तीन दिवस आधी ते कुंपणावरचे तिघं जीपमध्ये बसले आणि दिसेनासे झाले.

ते कुठे आहेत हे मला माहीत होतं. कारखान्याच्या पलीकडे उसात एक वस्ती होती, तिथे. एका संध्याकाळी मी स्वतः जाऊन आलो. कोंबडं शिजत होतं, पत्ते चालले होते. त्या तिघांतला एक माणदेशातला. आपण त्याला माणदेशीच म्हणू. बी.ए.च्या पहिल्या वर्गाचा सी.आर. घरून आलेल्या डब्यावर जेवणारा मुलगा. मला बघून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मला उद्या सोडता का? घरी कळवलं न्हाई." पुतण्या म्हणाला, "परवा मत टाक आणि जा की. इथं काय कमी आहे तुला?" तो माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी विनोद केला आणि सायकल काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजच्या फाटकात उभा होतो. एक बाई आल्या. डोईवर पदर, पायात काही नाही, हातात फडक्यात बांधलेला पितळी डबा. त्या काळी बाहेरगावची मुलं खोली करून राहायची आणि घरचा डबा सकाळच्या एसटीने यायचा. स्टँडवर डबे उतरवून ठेवलेले असत, ज्याने त्याने आपला न्यायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत पाठवायचा. तिकिटाशिवाय प्रवास करणारे असे किती डबे आमच्या एसटीने वाहिले असतील!

त्या मला म्हणाल्या, "बाळा, माझं पोरगं हितं शिकतंय. दोन दिस डबा तसाच्या तसा माघारी आला. आज मीच घिऊन आले. खोलीला कुलूप हाय. आजारी बिजारी न्हाई न्हवं?"

त्यांनी नाव सांगितलं. माणदेशीची आई.

मी सांगितलं, "मावशी, काळजी करू नका. कॉलेजची सहल गेली आहे."

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दुष्काळात कसली सहल?"

मी म्हणालो, "अभ्यासाची सहल असते. उद्या येईल."

फाटकाजवळ लिंबाचं झाड होतं. त्याखाली त्या शेवटच्या गाडीपर्यंत बसून होत्या. मी दोनदा आतून डोकावून बघितलं. निघताना माझ्याकडे आल्या आणि डबा पुढे केला. "तू खा बाळा. घरी न्हिऊन काय करू, वास लागंल." मी नको म्हणालो, पण त्यांनी हातातच दिला. "डबा तेवढा त्याच्याकडं दे."

तीन भाकरी होत्या आणि लसणाची चटणी. मी त्या खाल्ल्या. भूक नव्हती, पण टाकवेनात.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिघं जीपमधून उतरले, दुपारी चिठ्ठ्या पडल्या. सात विरुद्ध सहा. हलगी वाजली, गुलाल उडाला, मला खांद्यावर घेऊन बाजारपेठेतून नेलं. चष्मेवाला प्रतिस्पर्धी येऊन हात मिळवून गेला. माणदेशी आमच्याच बाजूने मत देऊन मोकळा झाला होता. तो डबा मी त्याला गुलालाच्या अंगानेच दिला. त्याने विचारलं, "आई आलती?" मी हो म्हणालो. तो आणखी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

जी.एस. म्हणून मी काय केलं? दोन वेळा झेंडावंदनाला प्राचार्यांशेजारी उभा राहिलो. गॅदरिंग दुष्काळामुळे साधेपणाने केलं. ग्रंथालयाची वेळ वाढवण्याची प्रतिस्पर्ध्याची मागणी मी माझी म्हणून पुढे केली, आणि सातपर्यंत वेळ वाढवूनही मिळाली. हप्त्याने फी हा विषय संस्थेच्या मंडळींना आवडणारा नव्हता आणि त्या मंडळींत पुतण्याचे काकाही होते. तो मी काढलाच नाही. दिवाळीनंतर माणदेशी कॉलेजात आला नाही. मुंबईला गेला, गिरणीत चिकटला, असं कुणीतरी म्हणालं. कुणी म्हणालं दुष्काळी कामावर मुकादमाच्या हाताखाली लागला. पत्ता काढायचा ठरवला असता तर निघाला असता.

पुढे मी बी.एड. केलं आणि शाळेत लागलो. शाळेत शालेय मंत्रिमंडळ असायचं, मुख्यमंत्री, शिस्तमंत्री, स्वच्छतामंत्री वगैरे. पद्धत अशी की वर्गशिक्षकांनी हुशार मुलांची नावं द्यायची. मी मुख्याध्यापकांच्या मागे लागून पाचवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला चिठ्ठी द्यायला लावली. खडूच्या खोक्याला भोक पाडून मतपेटी. सहकारी म्हणायचे, "सर, एवढा उपद्व्याप कशाला, अर्धा दिवस जातो." मी कारण सांगितलं नाही. एका वर्षी सगळ्या शाळेने मिळून सातवीतला सर्वांत दंगेखोर मुलगा शिस्तमंत्री केला. वर्षभर शाळेत चिडीचूप!

असो, मोठ्या इतिहासाकडे येतो.

ऐंशीच्या दशकात कॉलेजच्या निवडणुका हाताबाहेर गेल्या. काठ्यांच्या जागी चाकू आले, शहरांत राजकीय पक्षांचे दादा लोक उघडपणे उतरले. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा निवडणुकीच्या वैरातून खून झाला. एका आईचा मुलगा कॉलेजच्या निवडणुकीपायी गेला. त्यानंतर या निवडणुका बंद करा असं म्हणणाऱ्यांना दोष देता येत नाही. त्या वेळी मीसुद्धा स्टाफरूममध्ये तसंच म्हणालो होतो.

त्यानंतर महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ आला. खुली निवडणूक गेली. प्रत्येक वर्गातून मागच्या परीक्षेत ज्याला चांगले गुण त्याला प्राचार्य प्रतिनिधी नेमणार. खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम, एन.सी.सी., एन.एस.एस. यांतून एकेक आणि दोन विद्यार्थिनी, तेही प्राचार्यच नेमणार. मग या नेमलेल्या मुलांनी आपल्यातून सचिव निवडायचा. म्हणजे मघाची आकृती पुन्हा काढा. वरची मूठभर मतं तशीच राहिली, वर्गातली साडेसहाशे मतं तेवढी पुसली गेली. रोग जिथे होता ते अंग ठेवलं आणि धडधाकट अंग कापलं, असं माझं मत आहे. पळवापळवी होत होती ती तेरा जणांची. साडेसहाशे पोरांना कुठल्या जीपमध्ये घालणार होते? माझ्या चष्मेवाल्या प्रतिस्पर्ध्याला हे १९७२ साली कळलं होतं.

यातला आणखी एक योगायोग मला इतिहास शिकवताना फार खुपायचा. १९८९ हेच ते साल, ज्या साली एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अठरा वर्षांच्या मुलांनी पहिल्यांदा लोकसभेला मत दिलं. देशाचा पंतप्रधान ठरवायला ही मुलं शहाणी, आणि पाचच वर्षांत महाराष्ट्राने त्यांना सांगितलं की कॉलेजचा सी.आर. निवडण्याएवढी अक्कल तुम्हाला नाही. माझा एक माजी विद्यार्थी १९९७-९८ च्या सुमारास भेटला. म्हणाला, "सर, मी कॉलेजात प्रतिनिधी होतो हे मला मार्चमध्ये कळलं. नोटीस बोर्डावर नाव लागलं होतं, मी वाचलंच नव्हतं."

नंतर देशभर या प्रश्नाचा विचार झाला तो केरळातल्या एका खटल्यातून. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००५ च्या अखेरीस माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची समिती नेमली गेली. २००६ साली तिचा अहवाल आला आणि न्यायालयाने तो लागू केला. उमेदवाराचा खर्च ५००० रुपयांपेक्षा जास्त नको. छापील पोस्टर नको, हाताने केलेलीच चालतील. हजेरी ७५ टक्के हवी, विषय राहिलेले नसावेत. पदाधिकारी होण्यासाठी एकदाच उभं राहता येईल. (दोनदा नापास पुतण्यांचा बंदोबस्त!) सगळी निवडणूक दहा दिवसांत संपवायची. याच समितीने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. वातावरण फारच बिघडलेलं असेल तर नेमणुकीने प्रतिनिधी घ्या, पण ती तात्पुरती सोय समजा, आणि नेमणूक नुसत्या परीक्षेच्या गुणांवर करू नका. आमच्याकडे तर बारा वर्षं मुख्यतः तेच चाललेलं होतं.

त्याच २००६ च्या ऑगस्टात उज्जैनच्या माधव कॉलेजात निवडणुकीवरून झालेल्या गोंधळात प्रा. सभरवाल यांचा मृत्यू झाला. खटला आपल्या नागपुरात चालला आणि २००९ साली आरोपी निर्दोष सुटले. तेव्हा निवडणूक नको म्हणणाऱ्यांचं भय खोटं नव्हतं. मी शिक्षक होतो, मला ती बातमी वाचून दोन रात्री झोप लागली नाही.

शेवटी महाराष्ट्राने २०१६ साली नवीन सार्वजनिक विद्यापीठ कायदा केला, तो मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यात विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गातला प्रतिनिधी यांना कॉलेजातल्या सगळ्या विद्यार्थ्यांनी थेट मत द्यायचं असं ठरलं. म्हणजे चष्मेवाल्याचा अर्ज ४४ वर्षांनी मंजूर झाला! गंमत म्हणजे याच सुमारास, २०१७ साली, सरपंचाचीही थेट निवडणूक आली. पुढे २०२० साली सरकार बदलल्यावर ती रद्द झाली आणि २०२२ साली पुन्हा सरकार बदलल्यावर परत आली. मूठभर मतांची सवय सुटायला वेळ लागतो.

विद्यार्थी निवडणुकांचे नियम २०१८ साली निघाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात निवडणुका होणार असं जाहीर झालं. तेव्हा माझी नात कोल्हापूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा फोन आला, "आजोबा, अध्यक्षपदाला उभी राहू का?" महिला प्रतिनिधी नव्हे, अध्यक्ष! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी तिला नियम वाचून दाखवले. तिने मैत्रिणींना जमवून कार्डशीटवर हाताने पोस्टर केली. मुलींच्या खोलीत पाण्याची सोय, एसटीच्या वेळांप्रमाणे शेवटचा तास, असल्या तिच्या मागण्या. एकेका वर्गात जाऊन बोलायची तयारी चालली होती. मी तिला एवढंच सांगितलं की कुणी गाडी देतो म्हणाला तर घेऊ नकोस. तिने विचारलं, "का हो?" मी म्हटलं, नंतर सांगेन.

आणि ऑक्टोबरमध्ये विधानसभा निवडणूक आहे, पोलीस बंदोबस्ताला कमी पडतील, म्हणून त्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. मोठ्यांच्या निवडणुकीसाठी लहानांची निवडणूक थांबली. पुढच्या मार्चमध्ये करोना आला, कॉलेजंच बंद पडली. ती पदवीधर होऊन बाहेर पडली, आता पुण्याला नोकरी करते. पोस्टरं तिच्या आईने माळ्यावर ठेवली आहेत.

"नंतर सांगेन" म्हणालो होतो ते आज इथे लिहिलं. तिला दुवा पाठवणार आहे. पुतण्याच्या मुलालाही पाठवेन, म्हणजे जी.एस. कुणी आणि कसा निवडला होता ते त्याला कळेल.

रंग वाळला की फोटो पुन्हा त्याच खिळ्यावर लावायचा आहे. सौ. म्हणतात, आता नको असेल तर कपाटात ठेवा. मी म्हटलं, राहू दे भिंतीवर. फोटो जानेवारी १९७३ चा आहे. मला धरून आम्ही सी.आर. तेरा होतो. पुढच्या वेळी घरी याल तेव्हा प्राचार्यांना सोडून मोजा. बाराच भरतील.